खालची ओळ खरी

ता. ४, सोमवार

ताईचा निरोप तिच्या बागेतल्या माळीकाकांच्या फोनवरून आला. "बाईंच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. शनिवारी ऑपरेशन झालं. तुम्हाला बोलावलंय." आधी का नाही कळवलं, असं विचारणार होतो. पण गेल्या नऊ वर्षांत मी तरी तिला काय कळवलंय?

ही म्हणाली, "जा तुम्ही. फक्त गेल्या गेल्या चुका काढायला लागू नका."

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. चुका काढायच्या नाहीत तर मला दुसरं येतं काय?

ताई बागेच्या आवारातल्या तिच्या क्वार्टरमध्ये पालथी पडली आहे. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय. तो दाबून पडदा जागेवर बसवतो म्हणे, म्हणून दहा-अकरा दिवस तोंड सतत जमिनीकडे. उशीला मधोमध भोक आहे आणि तिचा आवाज पलंगाखालून येतो. जिने सदुसष्ट वर्षांत कुणापुढे मान खाली घातली नाही, तिला डॉक्टरांनी बरोबर हेच औषध दिलं.

"बाळ्या, आलास का?" पलंगाखालून.

बाळ्या एकसष्ट वर्षांचा आहे. पण आलो म्हणालो.

काम असं आहे. बागेत एकतीस काचघरं. प्रत्येक घराची ऊब, ओलावा, पाणी आणि पडदे ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर सांभाळतो. कोणत्या घराला काय किती द्यायचं, ते त्या त्या घराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. तीस वर्षं या फाइली ताईने लिहिल्या. पंधरा तारखेला जुनं यंत्र बंद होऊन नवं सुरू होणार, आणि ते नवं यंत्र बसवणाऱ्या बाईंना सगळं एकाच तक्त्यात हवंय. एका घराची एक ओळ, ओळीत चार आकडे. आकडा चुकला तर झाडं जातील. ताईला झाडांशिवाय दुसरं कुणी नाही.

"हाताने उतरवून काढतो की," मी म्हणालो.

"हाताने नाही. हाताने चुकशील."

"मी चुकेन?"

"डोळा चुकतो रे. माझाच बघ. चाळणी लावायची."

ता. ५, मंगळवार

तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून बागेच्या यंत्रात शिरता येतं. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. चित्रं नाहीत ते बरंच आहे. मला अक्षरांचीच सवय.

पहिल्या घराची फाइल उघडून मी मोठ्याने वाचायला घेतली. दुसरीच ओळ: "# उत्तरेचं दार नीट लागत नाही. सुताराला तीनदा सांगितलं. त्याला कान नाहीत, नुसता रंधा आहे."

"ते वाचू नकोस," ताई म्हणाली.

"का? मराठी चांगलंय."

"हॅशने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, सोडून देतं. तूही सोड. त्या ओळी माझ्या आहेत." हे बोलताना तिने मान उचलली. मी ओरडलो, "मान खाली!" आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ओरडलो आणि तिने ऐकलं.

म्हणून पहिली चाळणी शिकलो ती हॅशच्या ओळी गाळायची. ग्रेप म्हणतात तिला. एखादा शब्द दिला की तो असलेल्या ओळी पुढे करते, आणि उलटी धरली की नेमक्या त्याच ओळी गाळते. मग ऊब शोधायला temp हा शब्द दिला, तर temp_max आणि temp_alarm पण आले. एकाला बोलवावं आणि सगळं बिऱ्हाड जेवायला हजर व्हावं, तसं. ताईने उपाय सांगितला: शब्दाच्या आधी ^ अशी टोपी घालायची, म्हणजे ओळ तिथूनच सुरू व्हायला हवी, आणि मागे बरोबरचं चिन्ह लावायचं, म्हणजे शेपूट वाढत नाही.

चहा दोनदा झाला. ती नळीने पिते. तिसऱ्यांदा "अजून घोटभर घे" म्हणाली, पण अंधार पडायच्या आत घरी यायचं होतं.

ता. ६, बुधवार

आज कट नावाची कमांड. बरोबरच्या चिन्हाशी ओळ तोडायची आणि उजवा तुकडा ठेवायचा. काही फाइलींत चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली, काहींत नाही, एका फाइलीत फक्त डावीकडे. मी म्हणालो, "ताई, एकच काहीतरी पाळायचं ना."

"तीस वर्षांत मी तरी कुठे तशीच राहिले?"

लहानपणीसुद्धा तिच्या वह्या अशाच. गणित चुकलं तर खोडायची नाही. वरचं तसंच ठेवून खाली नव्याने मांडायची. शिक्षक रागावले तर म्हणायची, वर चुकलं होतं ते दिसू दे की. माझी वही रबराने घासून घासून भोकं पडलेली. आईला दोन्ही वह्यांचं कौतुक होतं, हे आईलाच जमायचं.

ताईने तेरा नंबरच्या घराचे आकडे आज तिसऱ्यांदा वाचायला लावले. काल दोनदा वाचले होते. औषधांनी विसरायला होत असावं. हिला सांगितलं तर हसली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

माळीकाका फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "ऑफिसने एक माणूस देतो म्हटलं होतं या कामाला. कॉम्प्युटर शिकलेला. बाई नको म्हणाल्या." ताई पहिल्यापासून संशयी. परक्याला हात लावू देत नाही.

ता. ७, गुरुवार

आता नऊ वर्षांपूर्वीचं लिहून टाकतो, कारण आज दिवसभर तेच डोक्यात होतं.

मी सहज बाग बघायला गेलो होतो. एकोणीस नंबरच्या घरात तिची ऑर्किडं. पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या. मी म्हणालो, ताई, इथे फार उकडतंय, झाडांना सोसत नाही. आजूबाजूला माळी उभे होते. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तू तुझी प्रूफं तपास. घरातली एक कुंडी जगवता येत नाही आणि मला शिकवतोस." मी छत्री घेऊन निघून आलो. त्यानंतर कुणाचं लग्न निघालं किंवा कुणी आजारी पडलं तरच भेट, "बरा आहेस ना", "बरी आहे". घरातली ती कुंडी खरंच मेली होती, म्हणून जास्त लागलं.

असो. आज काम एका जागी अडलं. घरं एकतीस, पण ऊब मागितली तर ओळी आल्या अठ्ठावन्न. काही घरांत उबेची ओळ दोन-दोन, तीन-तीनदा. एकोणीस नंबरात आधी सव्वीस, मग तेवीस.

यात नवल ते काय? खिळे जुळवणारा जुळारी दमला की एक ओळ दोनदा जुळवतो. पहिली मूळ, दुसरी पुनरुक्ती. दुसरीवर काट मारायची, हे मी झोपेतही सांगेन. ताईला विचारावं असं क्षणभर वाटलं. पण तिची पट्टी बदलायला परिचारिका आली होती, आणि खरं सांगायचं तर एकदा तरी तिला न विचारता काम पुरं करून दाखवायचं होतं. आलेल्या ओळींतली पहिली तेवढी ठेवणारी कमांड तिच्याच कागदांत सापडली, हेड म्हणून. ती मधे बसवली:

grep '^temp *=' ghar19.conf | head -n 1 | cut -d= -f2

सव्वीस. स्वच्छ, एकटा आकडा. मग चारही आकड्यांसाठी सगळ्या घरांवरून हीच चाळणी फिरवली. एकतीस घरं, एकतीस ओळी. इतका नीटस तक्ता छापखान्यातसुद्धा क्वचित पाहिला असेल.

ता. ८, शुक्रवार

तक्ता नव्या यंत्राच्या बाईंना दिला. तरुण आहेत, मला काका म्हणतात. म्हणाल्या, "इतकं व्यवस्थित आम्हाला कुणी देत नाही."

ताई म्हणाली, "मला एकदा वाचून दाखव."

"तपासून दिलाय. मी मुद्रितशोधक आहे."

"वाचला असतास तर बरं होतं."

"आराम कर."

ती म्हणाली, "म्हणजे काम संपलं." मी म्हणालो संपलं. आनंद व्हायला हवा होता तिला.

ता. १२, मंगळवार

काय लिहू आणि कसं लिहू. क्रमाने लिहितो.

काल नव्या यंत्रावर चाचणीसाठी पाच घरं लावली. त्यात एकोणीस होतं. आज दुपारी माळीकाकांचा फोन. "एकोणीस तापलंय. सात कळ्या गळल्या."

"किती आहे ऊब?"

"सव्वीस."

"तक्त्यात सव्वीसच आहे."

"तक्त्यात असेल. घरात तेवीस असतं. नऊ वर्षं झाली."

रिक्षा करून गेलो. यंत्राच्या बाईंनी एकोणीसला हाताने तेवीस लावून दिलं आणि बाकीची चार घरं परत जुन्या यंत्राला जोडली. एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकोणीसात जमिनीवर सात कळ्या पडल्या होत्या, हिरव्याच. मी त्या उचलून खिशात घातल्या. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मग क्वार्टरवर आलो. ताईला झोप लागली होती. एकोणीस नंबरची फाइल कुठलीही चाळणी न लावता अख्खी उघडली. जे वाचू नको म्हणाली होती तेही वाचलं. इथे उतरवून ठेवतो:

temp = 26
# बाळ्या परवा म्हणाला, पानं करपतात, फार उकडतंय. मी चारचौघांत त्याला बोलले. आज भिंग घेऊन पाहिलं. त्याचं खरं आहे.
temp = 23
# त्याला सांगायचं.
# नवी पानं स्वच्छ आली. त्याला सांगायचं राहिलं.
# पहिला तुरा. दाखवायला हवा होता त्याला.
# यंदा चाळीस कळ्या. फोन हातात घेतला होता.

मी रडलो. कारण वर लिहिलंय.

यंत्र फाइल वरून खाली वाचतं आणि त्याच नावाची ओळ पुन्हा भेटली की आधीचा आकडा विसरतं. म्हणून ताई कधी खोडत नाही, खाली नवीन लिहिते. खालची ओळ खरी. तिची वही मला पन्नास वर्षं माहीत आहे, परवाच तर या डायरीत लिहिली, आणि तरी मी वरची ओळ धरून बसलो. एकट्या उबेच्याच सत्तावीस जादा ओळी मी पुनरुक्ती म्हणून उडवल्या. त्यातली एक माझ्या सांगण्यावरून लिहिलेली होती.

ताई जागी झाल्यावर सांगितलं. पलंगाशेजारी जमिनीवर बसलो, म्हणजे तिला निदान माझे गुडघे तरी दिसतील.

"ताई, मी चुकलो. वरचे आकडे घेतले."

"एकोणीसचं काय झालं?"

"कळ्या गळल्या."

"किती?"

"सात."

ती म्हणाली, "चाळीसातल्या सात. मी पहिल्या वर्षी सगळ्या घालवल्या होत्या. खाली बस नीट, गुडघे दुखतील तुझे." आणि थोड्या वेळाने, "फाइल उघडलीस?"

"उघडली."

"अख्खी?"

"चाळणी लावून," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली.

ता. १३, बुधवार

हेड काढून तिथे टेल घातलं. ती शेवटची ओळ ठेवते. एवढाच फरक, एक शब्दाचा. एकतीस घरांचा तक्ता पुन्हा काढला. चार नंबरच्या नेच्यांना दर सहा तासांनी पाणी असं मी लिहून बसलो होतो, खरं दर दोन तासांनी आहे. पंधरा तारखेनंतर सगळे वाळून गेले असते. या वेळी सगळा तक्ता ताईला वाचून दाखवला, एकेक आकडा. तिला एकूण एक पाठ होते. मी वाचायच्या आधी ती सांगायची, आणि मी वर बरोबरची खूण करायचो. चाळीस वर्षांत इतक्या सुखाने मुद्रित तपासलेलं नाही. तिने तेरा नंबर दोनदा वाचायला लावला. मी तीनदा वाचला.

तक्ता दिला. बाईंना विचारलं, नव्या यंत्रात हॅशच्या ओळींना जागा कुठे आहे? त्या म्हणाल्या, "काका, तिथे फक्त आकडे जातात."

म्हणून ग्रेप सरळ धरली आणि हॅशने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या मागितल्या. एकतीस घरांच्या मिळून चारशे बारा आल्या. मी त्या न वाचता छापखान्यात पाठवल्या. मोठा ठसा, चोवीस पॉइंट, म्हणजे तिच्या डोळ्याला त्रास नको. जुन्या सहकाऱ्याने विचारलं, शुद्धलेखन बघायचं का? म्हणालो, एका वेलांटीलाही हात लावायचा नाही. तो मला ओळखतो, त्यामुळे त्याने दोनदा विचारून घेतलं.

निघताना एकोणीसच्या फाइलीत अगदी खाली एक ओळ लिहिली. आधी हॅश घातला, कारण ती यंत्रासाठी नव्हती.

ता. १४, गुरुवार

डॉक्टरांनी मान वर करायची परवानगी दिली. पडदा बसलाय. कॉम्प्युटरसमोर पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, असं मला बजावून सांगितलं. म्हणजे मला आता अधिकार आहे.

ताईचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ समोरून पाहिला. उशीचा वळ गालावर उमटलाय. म्हातारी दिसते. मीही दिसत असणार, तिने बराच वेळ बघितलं.

म्हणाली, "बसव मला तिकडे. अक्षरं मोठी कर."

तिच्या बोटांना सगळं ठाऊक आहे. डोळे मिटूनच टाइप केलं:

tail -n 1 ghar19.conf

मला वाटलं होतं तिला निवांत कधीतरी सापडेल. इतक्या लगेच शेवटची ओळ मागेल असं वाटलं नव्हतं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती एकेक शब्द लावत मोठ्याने वाचू लागली, पहिलीतल्या मुलीसारखी.

"ताई, मी सगळं वाचलं. खोटं बोललो. सांगायचं तुझं राहिलं आणि विचारायचं माझं. नऊ वर्षं..."

तिथे थांबली.

"पुढचं दिसत नाही. बुडबुडा आला मधे."

डॉक्टरांना विचारायला हवं, बुडबुडा असा एकदम मधे येतो का. पुढे फार काही नव्हतं. "नऊ वर्षं दोघांचीही गेली. बाळ्या" एवढंच होतं. पाच मिनिटं झाली म्हणून मी पडदा बंद केला.

चहा केला. तिने नळी न घेता कपाने प्यायला. म्हणाली, "सुताराबद्दलचं पण वाचलंस?"

"ते तर पहिल्याच दिवशी."

"बरोबर लिहिलंय की नाही?"

"बरोबर आहे. 'रंधा' पण शुद्ध आहे."

ता. १५, शुक्रवार

सकाळी अकराला जुनं यंत्र बंद झालं. त्याचा पंखा किती आवाज करत होता ते बंद झाल्यावर कळलं. ताई खुर्चीवर बसून होती, डोळ्यावर काळा चष्मा. माळीकाका घराघरातून फोनवर आकडे सांगत होते आणि मी तक्त्यावर खुणा करत होतो. एकतीसच्या एकतीस जुळले. एकोणीस, तेवीस.

यंत्राच्या बाईंनी ताईचे आभार मानले. ताई म्हणाली, "यादी माझ्या भावाने केलीय." मग तिला काय वाटलं कोण जाणे, पुन्हा म्हणाली, "धाकटा. छापखान्यात होता. बारकाईने बघतो." सात कळ्यांचा विषय काढला नाही.

दुपारी छापखान्यातून पानं आली, बांधून. मांडीवर ठेवली तिच्या. तिने पहिलं पान उघडून डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, मग मिटून ठेवलं. "सावकाश वाचेन," म्हणाली. "रोज एक घर."

मी छत्री घेतली. दारापर्यंत आली, भिंतीला धरून.

"उद्या ये."

"उद्या काय काम आहे?"

"काम नाही," ती म्हणाली. "ये."

ता. १६, शनिवार

गेलो होतो. काम काही नव्हतं. आत्ताच परत आलो, जेवायची वेळ टळून गेली म्हणून ही रागावली आहे.